फोटो मागू नकोस, पत्र वाच

चि. मधुरा,
अनेक आशीर्वाद.

रोज रात्री तुझा एकच मेसेज, ‘दोघी चिंचिलांचा एकत्र फोटो पाठवा.’ फोटो काढण्यासारखं अजून काही नाही. फोनवर तू मधेच तोडतेस, म्हणून लिहून पाठवतोय.

नवी शाळू आली तेव्हा २४५ ग्रॅमची, थोरली बाजरी ६०० च्या वर. पहिले तीन आठवडे दोघींना एकमेकींचं तोंडही दाखवलं नाही. शाळू आमच्या खोलीत, बाजरी तुझ्या खोलीत, दोन्ही एसी त्यांच्याकडे आणि आई नि मी हॉलमध्ये. डिसेंबर असला तरी सोलापूरच ते, दुपारी पारा तिशीला टेकतो आणि या दाट केसांच्या जीवांना पंचविशीपुढे सोसत नाही. कूलर लावावा तर दमट हवाही त्यांना वाईट. शेजारचे विचारतात, “उंदरांना एसी?” हसून सोडतो. खाणं आधी बाजरीला, मग शाळूला, नंतर हात धुऊन सदरा बदलायचा. नव्या पोरीच्या अंगात काही रोग असलाच तर तो थोरलीपर्यंत जायला नको, एवढ्यासाठी.

मग पिंजरे एका खोलीत, मधे हातभर अंतर ठेवून. जवळ ठेवले तर गजांतून एकमेकींची बोटं चावतात. बाजरीने चार दिवस पाठ फिरवली. पाचव्या दिवशी मागच्या पायांवर उभी राहिली आणि नेम धरून मुतली, थेट माझ्या चष्म्यावर. आई अजून हसते.

वासाची अदलाबदल करायची होती. हिच्या पिंजऱ्यातलं कापड तिच्याकडे, तिचं हिच्याकडे. आयुष्य टर्किश टॉवेलच्या कारखान्यात गेलं, घरात टॉवेलच टॉवेल, आणि नेमका तोच चालेना! त्याच्या लूपमध्ये नखं अडकतात आणि कुरतडलेलं सूत पोटात गेलं की आतडं तुंबतं. शेवटी आईच्या जुन्या फ्लीसच्या शालीचे तुकडे केले. धुळीच्या अंघोळीचं भांडंही आळीपाळीने दोघींना दिलं. बाजरी आधी हुंगायची, मग नाराजीनेच लोळायची.

आता माझी चूक. सातव्या दिवशी मलाच दम निघेना. दोघी शांत दिसल्या, म्हणून शाळूला उचलून बाजरीच्या पिंजऱ्यात सोडलं. बाजरी भुंकल्यासारखी ओरडत धावली, शाळू वरच्या फळीवर चढायला गेली आणि घसरली. हात घालून काढेपर्यंत तिच्या कमरेवरचा केसांचा झुपका गळून पडला होता. घाबरल्यावर असे केस सोडून देतात म्हणे, पकडणाऱ्याच्या तोंडात नुसते केस राहावेत म्हणून. यांच्या एकेका छिद्रातून पन्नासावर केस येतात. मी सूत ओळखणारा माणूस, पण इतका बारीक तंतू बोटांत कधी धरला नव्हता. झुपका डबीत ठेवलाय. तू ओरडणार ते ठाऊक आहे, पण बाजरीवर ओरडू नकोस. तिच्या घरात न विचारता पाहुणी घुसवली मी.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आली. होम मैदानावर शोभेचं दारूकाम म्हणजे आपल्या खिडक्या हादरणार, म्हणून ते होईपर्यंत काही केलं नाही.

आता भेट बाथरूममध्ये होते. ती जागा दोघींपैकी कुणाचीच नाही. पाणी पुसून, बादली बाहेर काढून, खाली दोन खोकी ठेवतो. प्रत्येकाला दोन भोकं, म्हणजे कुणी आत कोंडीत सापडत नाही. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, आता अर्धा तास. मी पाटावर बसून असतो, हाताशी पुठ्ठा. बाजरी शाळूच्या पाठीवर चढते, आईला ते बघवत नाही. पण डॉक्टरांनी दोघी माद्याच असल्याचं तपासून दिलंय, म्हणजे हा नुसता मोठेपणा गाजवण्याचा प्रकार. रक्त नाही, कान फाटलेला नाही, शाळू खाते आहे, काल ३३० ग्रॅम भरली. तोवर मधे पडायचं नाही. एक पळाली आणि दुसरी तिच्यामागे सुटली की मात्र पुठ्ठा घालायचाच.

परवा शाळू बाजरीच्या पोटाखाली घुसली. बाजरीने तिच्या कानामागचे केस दोनदा दातांनी विंचरले, मग काही झालंच नाही अशी खोक्यात गेली. फोन हॉलमध्ये होता.

रात्री अजून वेगवेगळ्याच झोपतात. एकत्र ठेवायचं तेव्हा पिंजरा धुऊन फळ्यांची जागा बदलीन, पळायचं चाक काढीन, खाण्याच्या वाट्या नि पाण्याच्या बाटल्या दोन-दोन लावीन. वरच्या फळ्या शाळू मोठी होईपर्यंत नाहीत. एप्रिलच्या आत जमलं तर बरं, दोन एसींचं बिल तुझ्या पगारातून भरून घेणार आहे.

येताना टिमोथी गवताची दोन पाकिटं आण. शेंगा चटणी आणि कडक भाकरी आईने बांधून ठेवलीय.

तुझे आप्पा