प्लिनीच्या पत्रातल्या दोघी

प्रिय बंड्या,

"मेलेल्यांची पत्रं वाचून कसला कळतो इतिहास?" म्हणून तू फोनवर हसलास. तेव्हा उत्तर सुचलं नाही, आता ऐक.

आरंभीच्या ख्रिस्ती लोकांवरची दोन जाडजूड पुस्तकं मी वाचली आणि महिन्याभरात विसरलो. मग धाकट्या प्लिनीचं पत्र हाती आलं. हा काळ्या समुद्राकाठच्या बिथिनिया-पोंतसचा रोमन सुभेदार. इ.स. ११२च्या सुमारास तो सम्राट ट्रेजनला विचारतोय की, या लोकांचे खटले कसे चालवायचे? अगदी कलेक्टरनं मंत्रालयाकडे मार्गदर्शन मागावं तसं. आणि उत्तर यायच्या आधीच गडी शिक्षा देऊन मोकळा! "ख्रिस्ती आहेस?" असं तीनदा विचारायचं, तिन्हीदा हो म्हणाला की मृत्युदंड. रोमन नागरिक असेल तर रोमला रवानगी.

धर्म सोडलेल्यांनी त्याला सांगितलं की, ठरल्या दिवशी उजाडायच्या आत जमायचो, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणायचो, शपथ घ्यायचो. कसली, तर चोरी, व्यभिचार करणार नाही, कुणाची ठेव बुडवणार नाही. ठेव! पतपेढीत हात पोळलेल्या माझ्यासारख्याला ते वाचून हसूच आलं.

पुढच्या वाक्यावर मात्र अडकलो. खरंखोटं करायला त्यानं दोन दासींचा छळ करवला. ख्रिस्ती मंडळीत (त्यांच्या उपासक समूहात) त्यांना 'मिनिस्त्रे' म्हणत, म्हणजे सेविका. गुलाम बायका, तरी मंडळीत त्यांना काही जागा होती. प्लिनीला त्यांच्याकडून हाती लागली ती, त्याच्या मते, एक विकृत, अतिरेकी अंधश्रद्धा. बस्स. ना त्यांची नावं, ना पुढं काय झालं ते. अर्धं वाक्य, तेही छळणाऱ्याच्या हातचं. पण तेवढंच आपल्यापर्यंत पोचलंय.

त्याचं सगळंच खरं मानू नकोस हं. ओस पडलेली देवळं पुन्हा गजबजली, बळीच्या मांसाला पुन्हा गिऱ्हाईक येतंय, असंही तो कळवतो. वरिष्ठांना कोण वेगळं कळवेल?

ट्रेजनचं उत्तर चार ओळींचं: शोधत फिरू नका, कुणी आणून गुन्हा शाबीत केला तर शिक्षा करा, निनावी तक्रारी घेऊ नका. पुढं टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकानं याची मस्त खिल्ली उडवली: निर्दोष म्हणून शोधायचं नाही आणि दोषी म्हणून शिक्षा करायची!

आता पर्पेटुआ वाचतोय, ख्रिस्ती म्हणून तुरुंगात टाकलेल्या बाईची रोजनिशी. उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज, इ.स. २०३, बावीस वर्षांची, अंगावर पिणारं पोर. इथं बाई स्वतःच लिहितेय. बाळ जवळ ठेवू दिल्यावर तुरुंगच राजवाडा झाला, म्हणते. दिवाळीला येशील तेव्हा ते पान वाचून दाखवीन.

तुझाच,
बाळ्या