बेड नंबर १७ कडून ऑक्सिजनवाल्या मामांना

मामांना,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा तुमच्या वॉर्डात जाऊन जेवून आलो. मेव्हण्याच्या मुलीचं लग्न होतं. पत्रिकेवर कार्यालयाचं नाव वाचलं तेव्हाच पोटात गोळा आला होता, पण घरात कुणाला बोललो नाही. पंगत बसली ती खिडकीकडच्या बाजूला, आणि मला जागा मिळाली तिसऱ्या खांबाजवळ. म्हणजे माझ्या बेडच्याच जागी. मठ्ठा वाढणारा पोरगा ‘घ्या की काका’ म्हणत दोनदा पुढं येऊन गेला आणि मी नुसता त्या खांबाकडं बघत होतो. खांबाला आता गुलाबी रंग दिलाय.

जेवण झाल्यावर मॅनेजरला तुमची चौकशी केली. ‘कोविडच्या वेळचा ऑक्सिजनवाला? कंत्राटावरचा होता तो. सेंटर बंद झालं, गेला.’ नाव विचारलं तर त्याला आठवेना. त्याला तरी कसं बोलू? चौदा दिवस तिथं राहून मीही विचारलं नव्हतं. तुमच्या पीपीई किटच्या पाठीवर मार्करनं ‘ऑक्सिजन’ लिहिलेलं होतं आणि सगळा वॉर्ड तुम्हाला मामा म्हणायचा. वयानं तुम्ही माझ्याहून लहानच असाल. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितोय. कुणाच्या तरी मोबाइलवरून तुमच्यापर्यंत पोचेल.

मी एसटीत कंडक्टर. २०२१ च्या पाडव्याला, म्हणजे १३ एप्रिलला, पुरणपोळी ताटात आणि मला तुपाचा वास येईना. संध्याकाळी कणकण आली. मला आणि बायकोला एकदमच लागण झाली. तिला दोन दिवस ताप येऊन गेला, मला मात्र धरून ठेवलं. आठव्या दिवशी ऑक्सिमीटरवर ८८ दिसायला लागलं. सीटी स्कॅनचा स्कोअर पंचवीसपैकी चौदा. तेव्हा बेडसाठी किती फोन झाले, मेव्हण्यानं मला मोटरसायकलवर मधे बसवून मागून एकाला धरायला लावून कुठं कुठं फिरवलं, ते लिहीत बसत नाही. त्या एप्रिलमध्ये घरोघरी हेच चाललं होतं. १८ तारखेला एका दिवसात राज्यात ६८ हजारांवर नवे पेशंट सापडले होते. २० तारखेला दुपारी तुमच्या सेंटरला बेड मिळाला. त्याच दिवशी दहावीची परीक्षा रद्द झाली. पोरीचा फोन आला, ‘पप्पा, परीक्षा रद्द’ एवढंच म्हणाली आणि गप्प बसली. नाचावं का रडावं तिला कळेना. मला तर बोलायला दमच नव्हता.

मंगल कार्यालयातलं कोविड सेंटर म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून पटायचं नाही. समोर नवरा-नवरीचं स्टेज, त्यावर सिस्टरांचं टेबल आणि औषधांचे खोके. मागच्या भिंतीवर थर्माकोलचं ‘शुभमंगल’, त्यातला ‘शु’ गळून पडलेला. आणि प्रत्येक बेडच्या डोक्याशी एक जंबो टाकी उभी. पाइपलाइन नव्हती. टाकी संपायला आली की तुम्ही दुसरी तिरकी करून, बुडाच्या कडेवर गरगर फिरवत आणायचा. फरशीवर तो आवाज यायला लागला की सगळे उताणे-पालथे माना वळवून बघायचे, कुणाकडं चाललीय म्हणून.

दुसऱ्या दिवशी रामनवमी होती. दुपारी वॉर्डात एकाच्या मोबाइलवर नाशिकची बातमी आली. महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा थांबला आणि २२ माणसं गेली. अर्ध्या तासात ती बातमी सगळ्या बेडांवर पोचली. सिस्टर ‘मोबाइल ठेवा, पालथे झोपा’ म्हणून ओरडत होत्या, पण कोण ऐकतंय. प्रत्येकाची नजर आपापल्या टाकीच्या काट्यावर. माझ्या शेजारचे, १८ नंबरचे आजोबा, दर पाच मिनिटांनी विचारायचे, ‘माझी टाकी किती ऱ्हायली?’ डॉक्टर म्हणाले, ‘काळजी करू नका, भरपूर आहे.’ सिस्टर म्हणाल्या, ‘बदलतील, वेळ झाली की.’ ब्रदर म्हणाले, ‘होईल.’

मामा, ‘होईल’ या शब्दाची मला चांगली ओळख आहे. वीस वर्षं स्टँडवर मी तेच वाटत आलोय. गाडी कधी येणार? येईल. कधी सुटणार? सुटेल की. तो शब्द ऐकणाऱ्याच्या जिवाचं काय होतं, ते मला त्या संध्याकाळी मास्कच्या आत कळलं.

रात्री साडेनऊला तुम्ही आलात. हातात पाना आणि कानावर खडूचा तुकडा. कुणाला धीर दिला नाहीत, देवाचं नाव काढलं नाहीत. एकेका बेडजवळ थांबायचं, काटा बघायचा, फ्लो बघायचा, ओठांत काहीतरी पुटपुटायचं आणि टाकीच्या काळ्या अंगावर खडूनं वेळ लिहायची. माझ्या टाकीवर लिहिलंत २.००. मी खुणेनं विचारलं, कसं काढलं?

तुम्ही म्हणालात, ‘भरलेल्या टाकीत दीडशे किलोचं प्रेशर आन सात हजार लिटर गॅस. तुमचा फ्लो दहावर हाय, म्हंजे मिनिटाला दहा लिटर. दहावर असला की दहा किलोला पाऊण तास. पंधरावर असला तर अर्धा तास, पाचवर असला तर दीड तास. काटा ऐंशीवर हाय, वीस शिल्लक ठेवून म्या बदलतो. मग साठाला किती?’

साडेचार तास. दोन वाजता.

तिकिटांचा आणि पैशांचा हिशेब आयुष्यभर केला, पण असा हिशेब मला पहिल्यांदाच कुणी दिला. मी मनात दोनदा ताळा करून बघितला. बरोबर होता. आणि मामा, तुम्हाला खोटं वाटेल, मी झोपलो. घरातून निघाल्यापासून पहिल्यांदा डोळा लागला. दोन वाजेपर्यंत मला काही होणार नाही, हे मला आकड्यात माहीत होतं.

दोनला पाच कमी असताना उठवलंत. ‘ओ कंडक्टर, आता आवाज थांबंल. मास्क खाली घ्या, घाई करू नका, साठ मोजा. साठाच्या आत हवा आली नाही तर मला शिवी द्या.’ व्हॉल्व बंद केलात. पाण्याच्या बाटलीतली बुडबुड थांबली. काय शांतता ती! मी गाडीतली माणसं मोजतो तसं मोजत होतो, सीटवर बोट ठेवत. नवी टाकी एकदा फुस्स करून तुम्ही धूळ उडवलीत, रेग्युलेटर चढवलात, पाना फिरवलात. सव्वीस, सत्तावीस. ऑक्सिमीटर ८४ वर आलेला. एक्केचाळीसला बुडबुड सुरू झाली. शिवी द्यायची वेळ डिस्चार्जपर्यंत एकदाही आली नाही.

नंतर नंतर मला तुमचा इतिहास थोडा कळला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या वर्कशॉपात तुम्ही गॅस कटिंग करायचा. लॉकडाउनमध्ये काम बंद, आणि टाक्या हाताळणारा माणूस पाहिजे म्हणून इकडं आलात. ‘आयुष्यभर याच गॅसनं लोखंड कापलं, आता म्हणत्यात माणसं जगव,’ असं एकदा म्हणाला होता. खांदा पांढरा असलेली टाकी दवाखान्याची आणि नुसती काळी ती कारखान्यातून आलेली, हेही तुम्हीच दाखवलंत. त्या काळ्या टाक्या कदाचित तुमच्याच ओळखीच्या असतील. ११ नंबरवाल्याच्या घरून छातीला चोळायला तेलाची बाटली आली, तेव्हा तुम्ही केवढे भडकलात! ऑक्सिजनजवळ तेल-ग्रीस म्हणजे आग, हे आम्हाला कुणाला ठाऊक होतं? बिचारा पुढं दोन दिवस हात दाखवून दाखवून झोपायचा.

विशाखापट्टणमहून रेल्वेनं ऑक्सिजन आणणार, त्यासाठी कळंबोलीहून रिकामे टँकर गेलेत, अशी वॉर्डात चर्चा. जो तो रेल्वेची वाट बघतोय. तुम्ही म्हणालात, ‘रेल्वे येईल तवा येईल. आपला छोटा हत्ती सकाळी सहाला येतोय, त्यात बारा टाक्या हायत.’ सहाला आला. एक दिवस नाही आला, त्या दिवशी तुम्ही येऊन तेही सांगितलंत. रिफिलिंगला रांग हाय, दहा वाजतील, सगळ्यांनी पालथं पडा, फ्लो जरा कमी करतो, डॉक्टरांना विचारलंय. आम्ही शाळेतल्या पोरांसारखे पालथे पडलो. एरवी सिस्टरांनी सांगून सांगून दमावं. पालथं पडलं की चार-पाच आकड्यांनी ऑक्सिजन वाढतो, हे पटायला आम्हाला तो दिवस लागला.

१८ नंबरच्या आजोबांबद्दल लिहू का नको, असा विचार करत होतो. लिहितो. २५ तारखेच्या पहाटे ते गेले. फ्लो पंधरावर होता त्यांचा. टाकीवर तुमच्या अक्षरात ४.१५ लिहिलेलं. तीन वाजता सिस्टर, डॉक्टर सगळे येऊन गेले, पडदा लावला, पडद्याच्या खालून मला तुमच्या चपला दिसत होत्या. मग बुडबुड थांबली. या वेळी मी मोजलं नाही.

थोड्या वेळानं तुम्ही ती टाकी बाहेर काढलीत. तळव्यानं ४.१५ पुसलंत. स्टेजजवळ एक नवीन पेशंट आणून ठेवला होता, तरणा पोरगा, भाता चालावा तशी छाती चाललेली. माझ्याजवळ येऊन तुम्ही हळूच म्हणालात, ‘कंडक्टर, तुमचा फ्लो आता सहावर हाय. तुमची टाकी भरलेली हाय ती त्याला लावतो, आन ही तुम्हाला. वीस शिल्लक धरून बी तीन तास पुरंल. तोवर गाडी येतीय. चालंल का?’

मामा, त्या चौदा दिवसांत मला कुणी काही विचारून केलं असेल तर ते एवढंच. सुया, स्टेरॉइड, रेमडेसिविर (त्याच्यासाठी मेव्हण्यानं गळ्यातली चेन मोडली, त्या औषधानं जीव वाचतो असं तेव्हा काही सिद्ध झालेलं नव्हतं हे नंतर वाचलं), सगळं आपोआप होत होतं. तुम्ही मात्र विचारलंत. मी मान हलवली. आजोबांच्या टाकीतला उरलेला गॅस मी सकाळी सहापर्यंत ओढला. टाकीवर तुम्ही ६.०० लिहिलंत. खाली पुसलेल्या खडूचा पांढरट डाग होता. तो पोरगा वाचला, ३ मेला मला डिस्चार्ज मिळाला तेव्हा बसून केळ खात होता. हे तुम्हाला माहीत असणारच, पण माझ्या समाधानासाठी लिहिलं.

घरी आलो ते नऊ किलो वजन घालवून. तीन पायऱ्या चढलो की चौथीवर बसायचो. फुप्फुसाच्या व्यायामाला ते तीन गोळ्यांचं यंत्र दिलं होतं, त्यातला तिसरा गोळा श्वास ओढून उचलायला जून उजाडला. स्टेरॉइडनं साखर चढली ती उतरली, केस मात्र मुठीनं गेले ते अर्धेच परत आले. तुपाचा वास गणपतीत आला, आणि बायको मोदकावर तूप घालता घालता रडली. डॉक्टरनं सहा मिनिटं चालवून ऑक्सिजन बघितला आणि कामाला परवानगी दिली. गाडीत उभं राहून तिकीट फाडताना धाप लागायची, म्हणून ड्रायव्हरसाहेब मुद्दाम सावकाश मारायचे. पुढं संप झाला, ते पुराण वेगळंच.

एक सांगायचं राहिलं. स्टँडवर कुणी विचारलं, गाडी कधी येणार, तर मी आता कंट्रोलरकडं जाऊन विचारून येतो. ‘अजून चाळीस मिनिटं, घाटात ट्रक आडवा झालाय, चहा पिऊन या,’ असं सांगतो. लोक वैतागतात, पण चहा प्यायला जातात. सोबतचे कंडक्टर म्हणतात, तुला काय नसते उद्योग. म्हणू देत.

आता बाकी. २३ तारखेला माझ्या फोनचा बॅलन्स संपला होता. घरी पोरगी आणि आजारी बायको, आणि मी बाहेरच्या जगाला तुटलेला. तुम्ही दोन टाक्यांच्या मधल्या वेळात स्वतःच्या फोनवरून ४९ रुपयांचं रिचार्ज मारलंत. पैसे देतो म्हटलं तर म्हणालात, ‘घरी जाताना द्या.’ घरी जायच्या दिवशी तुमची सुट्टी होती.

आमच्यात सुट्टे नसले की तिकिटाच्या मागं बाकी लिहून देतात, उतरताना मागून घ्यायची. माझ्या डिस्चार्ज कार्डाच्या मागं मी त्याच दिवशी लिहून ठेवलंय: मामा, ४९ रु., देणे. कार्ड ड्युटीच्या पिशवीत असतं. आमच्या गाडीत कधी चढलात तर पिशवीकडं बोट दाखवा. तिकीट मात्र काढावं लागेल, चेकिंग कडक आहे.

तुमचा,
बेड नंबर १७