आईचा गुडघा आणि ते जेल

प्रिय आई-बाबा,

बाबा, तुम्ही पाठवलेला व्हिडिओ बघितला, 'झिजलेली गादी परत उगवते, ऑपरेशन नको' वगैरे. फोनवर सांगायला गेलं की तुम्ही मधेच आईकडे फोन देता आणि विषय कैऱ्यांवर जातो, म्हणून लिहूनच पाठवतेय.

व्हिडिओतलं जेल आणि चौकातले डॉक्टर म्हणतायत ते 'जेलचं इंजेक्शन' हे एकच नाही, सगळा घोळ तिथेच आहे. ते इंजेक्शन हायलुरोनिक अ‍ॅसिडचं, म्हणजे वंगण घातल्यासारखं, कुणाला काही महिने बरं वाटतं कुणाला काहीच फरक नाही, पण त्यानं गादी उगवत नाही.

व्हिडिओतलं जेल म्हणजे हायड्रोजेल, पाणी धरून ठेवणारं जाळं. आई, सब्जा भिजवला की बीभोवती बुळबुळीत थर येतो ना, ते हायड्रोजेलच. आणि गुडघ्यातली गादी, म्हणजे कार्टिलेज, तीही बरीचशी तशीच, वजनाच्या ७०-८० टक्के पाणी आणि ते कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या जाळ्यात अडकवलेलं, म्हणून तर एवढा भार पेलते. पण तिथे रक्तवाहिन्या नाहीत, पेशीही मोजक्या, त्यामुळे एकदा खड्डा पडला की तो आपोआप भरत नाही. म्हणून त्या खड्ड्यात जेल भरायचं, म्हणजे पेशींना धरून वाढायला जागा मिळते, अशी ती कल्पना आहे आणि कल्पना खरंच भारी आहे. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीने पेप्टाइड (प्रथिनाचे छोटे तुकडे) आणि हायलुरोनिक अ‍ॅसिड (हो, तेच, पण रचना वेगळी) यांचं मटेरियल गुडघ्यातल्या खड्ड्यात घातलं आणि सहा महिन्यांत चांगल्या प्रतीचं कार्टिलेज आलं. पण मेंढ्यांच्या गुडघ्यात! तुमच्या व्हिडिओवाल्यानं मेंढ्या सोयीस्कर गाळल्यात.

आणि तिथे खड्डा मुद्दाम पाडलेला, छोटासा, आजूबाजूची गादी धडधाकट. माणसांतही असे उपाय मुख्यतः खेळताना लागलेल्या तरुणांसाठी, जिथे बाकी गुडघा चांगला आहे. आईच्या एक्स-रेत आतल्या बाजूचा दोन हाडांमधला गॅप जवळपास गेलाय, तिथे जेल टिकायला कडाच उरलेली नाही. शिवाय माणसात टिकणं ही वेगळीच परीक्षा असते, पायाच्या अंगठ्याच्या सांध्यासाठी हायड्रोजेलचा एक तुकडा अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झाला होता, पुन्हा ऑपरेशन करावं लागायचं प्रमाण जास्त निघालं म्हणून २०२४ मध्ये परत मागवला.

मग आईनं काय करायचं? गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच सेकंद धरायची, सोडायची. कंटाळवाणं आहे, माहितीये, पण मांडीचे स्नायू बळकट झाले की दुखणं खरंच कमी होतं. आणि आई रागावू नकोस, वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. एवढं करूनही रात्रीची झोप उडायला लागली तर गुडघा बदलू, त्याला एवढं घाबरायचं काही नाही, पैसे त्यासाठीच राखून ठेवा.

बाबा, त्या क्लिनिकमध्ये अ‍ॅडव्हान्स देऊ नका. औषधाचं नाव आणि कंपनी कागदावर लिहून मागा, काय लिहून देतात ते मला फोटो काढून पाठवा. मी शनिवारी येतेय, तो उभ्यानं काढलेला एक्स-रे कपाटावरच्या सुटकेसमधून काढून ठेवा, नाहीतर परत आपण तासभर शोधत बसू.

तुमची,
मनू