ओंकारला, द्रासला निघण्यापूर्वी

लालबाग, रात्री उशिरा

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

जेवताना झालं ते झालं. तू ताट अर्धवट टाकून उठलास, बाबा काही बोलले नाहीत, मी भांडी घासायला घेतली. आता तू झोपलायस. पहाटे टॅक्सी येईल तेव्हा धड बोलणं व्हायचं नाही, म्हणून लिहून ठेवते. जाऊ नकोस असं या पत्रात कुठेही म्हणणार नाही.

दम्याचा पंप सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलाय. चेन उघडली की हाताला लागेल असा. दुसरा जॅकेटच्या खिशात आहे, तो काढून ठेवू नकोस. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलंय हे मला माहीत आहे, मी तिथेच बसले होते. तरी मन ऐकत नाही. आपण समुद्राकाठची माणसं. कळसूबाईला शेवटच्या शिडीपाशी तू बसकण मारली होतीस, आणि कळसूबाई १,६४६ मीटर. द्रास गावच ३,२८० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी एक कळसूबाई. त्याच्या आधी झोजिला लागतो, तो साडेतीन हजारांवर. तिथला बोगदा अजून व्हायचाय, घाट चढूनच जावं लागणार. श्रीनगरला नीट मुक्काम कर, सोनमर्गला एक रात्र काढ. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, जेवण नकोसं झालं, की आहे तिथेच थांबायचं, आणखी वर जायचं नाही. बसल्याजागी धाप लागली तर सरळ खाली उतरायचं. समीर आणि बाकीचे पुढे गेले तर जाऊ देत. तिथे दारूबिरू नको. पाणी पीत राहा. गाडी चालवताना

हे बघ, सुरू झालं माझं. राग मानू नकोस. एवढा मोठा झालास, तुला कळतं सगळं.

"मामा तेव्हा तेवीस वर्षांचा होता," असं तू मघाशी म्हणालास. होता. आणि तू तेव्हा दीड वर्षाचा होतास. १९९९ चा तो कारगिल युद्धाचा पावसाळा तुला कोणी नीट सांगितलेला नाही. जुन्या खोलीच्या भिंतींना ओल आलेली, तुझ्या छातीत घरघर. आडवं केलं की तुला श्वास पुरायचा नाही, म्हणून तुला खांद्यावर उभं धरून मी रात्र रात्र गॅलरीत फेऱ्या मारायची. मामाचं शेवटचं पत्र आलं होतं, पत्ता ५६ एपीओ, म्हणजे सैन्याचं टपाल, मजकूर एवढाच की खुशाल आहे, पुढे जात आहोत. पुढे म्हणजे कुठे, ते त्यांना लिहिता यायचं नाही. देसाईकाकूंच्या दारात अख्खी चाळ टीव्ही बघायला जमायची. १३ जूनला टोलोलिंगचं शिखर घेतलं, ४ जुलैला टायगर हिल. सगळे टाळ्या वाजवायचे. मी मात्र बोफोर्स तोफ दिसली की तिच्याभोवतीच्या पोरांची तोंडं शोधायची. हेल्मेटखाली सगळी सारखीच दिसायची.

ज्या रस्त्याने तू जाशील, त्याच रस्त्यासाठी ते सगळं झालं. घुसखोर शिखरांवर बसले होते. वरून श्रीनगर-लेह रस्त्यावरची एकेक लष्करी गाडी त्यांना दिसायची आणि तिच्यावर तोफा डागता यायच्या. लडाखची रसद त्याच वाटेने जाणारी. म्हणून टोलोलिंग घेणं भाग होतं. डोंगर उघडाबोडका, आडोशाला झाड नाही, म्हणून चढाई रात्रीची. टायगर हिल पाच हजार मीटरवर. आपल्यासारख्याला जिथे नुसतं उभं राहायला दम लागेल, तिथे ती मुलं हत्यारं आणि दारूगोळा घेऊन वर गोळीबार चालू असताना चढली. तू खालूनच बघ. चार पावलं भराभर चढून बघायची खुमखुमी नको.

बाबांना यातलं काही विचारलं तर ते १९४८ वर जातात. १ नोव्हेंबरला जनरल थिमय्यांनी झोजिलावर स्टुअर्ट रणगाडे नेले, एवढ्या उंचीवर रणगाडे येतील असं समोरच्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं, वगैरे. उद्या फोनवर तुलाही सांगतील. ऐकून घे. त्यांची काळजी तशीच बाहेर पडते.

मामा गणपतीत रजेवर आला. उजव्या कानाने त्याला ऐकू येत नव्हतं, डाव्यानेही कमीच. मी त्याला म्हटलं, बाळू, पोराची छाती वाजतेय बघ. त्याला ती घरघर ऐकूच येईना. मग त्याने तुला पालथं मांडीवर घेतलं, तुझ्या पाठीवर तळहात पसरून ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "हां ताई, कळतंय." तुला झोप लागली तरी त्याने हात काढला नाही. जेवण वाढलं तेही डाव्या हाताने जेवला. तो हात अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मामाला मी लढाईबद्दल कधी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

द्रासच्या माणसांबद्दल मात्र तो बोलतो. गावावर गोळे पडत होते, बायकापोरं घरं सोडून गेली होती, आणि गावातले पुरुष जवानांचं सामान पाठीवर घेऊन डोंगर चढत होते. एखादे म्हातारे आजोबा भेटले तर बस त्यांच्याजवळ, ते सांगतील ते ऐक. चहा खारा देतील, तोंड वाकडं करू नकोस.

स्मारक टोलोलिंगच्या पायथ्याशीच आहे. त्या युद्धात आपले ५२७ जवान गेले. भिंतीवरची नावं सावकाश वाच. मामाने तुला चिठ्ठीवर एक नाव लिहून दिलंय, ते तू मला दाखवलं नाहीस. मी विचारणारही नाही. तू त्याला सोबत चल म्हणालास, तो नाही म्हणाला, आणि मग तू म्हणालास, तुझ्या वतीने मी जाऊन येतो. हे मला मामीने सांगितलं. ऐकल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले, आणि तरीही तुझ्याशी भांडले. तुझ्यासारखा मुलगा पोटी आला याचा मला किती अभिमान वाटतो, ते तुझ्या तोंडावर सांगायला मला जमत नाही. तू दारात दिसलास की मला पंपच आठवतो.

समीरचा नंबर प्रीपेड आहे, तो तिकडे चालणार नाही. तुझाच पोस्टपेड, तेव्हा चार्जिंग जपून वापर. द्रासला रेंज नसली तर कारगिलला पोहोचल्यावर फोन कर. मामाला आधी कर, तो सातारला वाट बघत बसलेला असेल. डाव्या कानाला लाव म्हण आणि जरा मोठ्याने बोल. मला नंतर केलास तरी चालेल.

नको, मला आधी कर. दोनच मिनिटं. काही बोलला नाहीस तरी चालेल, श्वास कसा चाललाय तेवढं मला फोनवर कळेल.

तुझी,
आई