दादा, 43 नंबरला घेऊन गेलास त्याबद्दल

प्रिय दादा,

फोनवर आभार मानायला गेलं की तू "अगं सोड गं" म्हणून विषय बदलतोस, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. आपल्या दादर केटरिंग कॉलेजची जी नवीन पोरं लंडनला आलीयत ती सारखी विचारत असतात की ताई, बंद पडलेल्या गाव्रोश रेस्टॉरंटच्या जागी जे बोनर उघडलंय ते कसं आहे, पैसे साठवून जावं का, त्यांनाही हे वाचायला मिळेल.

तर थँक्यू. बोनरला मला जेवायला नेलंस, बिल बघूसुद्धा दिलं नाहीस, आणि त्याच्या आधी वाद न घालता माझी समजूत काढलीस, त्या सगळ्याबद्दल मनापासून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ल गाव्रोश 1967 साली आल्बेर आणि मिशेल या रू बंधूंनी लंडनच्या चेल्सीत लोअर स्लोन स्ट्रीटवर सुरू केलं, 1981 मध्ये ते मेफेअरला अप्पर ब्रूक स्ट्रीटच्या 43 नंबरला आलं आणि 1982 मध्ये तीन मिशेलिन स्टार (मिशेलिन गाईडचा मान, जास्तीत जास्त तीनच मिळतात) मिळवणारं ब्रिटनमधलं पहिलं रेस्टॉरंट ठरलं. नंतर आल्बेरचा मुलगा मिशेल रू ज्युनिअर ते चालवायचा, तेव्हा दोन स्टार होते, आणि 13 जानेवारी 2024 ला त्याने ते बंद केलं. धंदा बसला म्हणून नाही हं, शेवटचे काही महिने तर टेबल मिळणं मुश्कील होतं, त्याला घरच्यांसाठी आणि बाकीच्या कामांसाठी वेळ हवा होता.

पण आपल्यासारख्यांना ही माहिती म्हणजे गाव्रोश नाही. दादरला आपण पाच मदर सॉस, म्हणजे ज्यांच्यापासून बाकीचे सॉस बनतात ते, पाठ केले, बेशामेल, वेलूते, एस्पान्योल, हॉलंडेज, टोमॅटो, जर्नलमध्ये लिहून काढले, व्हायव्हाला धडाधड म्हणून दाखवले, पण ते नीट केले की कसे लागतात हे कुणी दाखवलं नव्हतं, कारण ट्रेनिंग किचनमध्ये तीस जणांत मिळून एक पातेलं आणि जेमतेम बटर. मग मी इकडे कॉमी, म्हणजे किचनमधली सगळ्यात ज्युनिअर शेफ, म्हणून लागले आणि कोविडच्या आधी तू मला गाव्रोशला दुपारच्या सेट लंचला नेलंस, अर्ध्या बाटली वाईनसकट असायचा तो. तिथे सूफ्ले स्विसेस, म्हणजे चीजचं हलकं फुगलेलं सूफ्ले, खाल्लं. आधी छोट्या साच्यांत भाजतात, मग गरम डबल क्रीमवर उपडं करतात, वर ग्रुयेर चीज किसून घालतात आणि परत ओव्हनमध्ये. रू बंधूंच्या रेसिपीत नुसतं क्रीमच 600 मिली आहे. चमचा घातला तेव्हा वरची भाजलेली कड जराशी मोडली, आत काही वजनच नाही असं, आणि केलेल्या खड्ड्यात खालून क्रीम हळूहळू वर चढत आलं. आणि त्याचा बेस काय? बेशामेल, बटर-मैदा-दुधाचा सॉस! तेच, जे मी व्हायव्हाला म्हणून दाखवलं होतं. तू तेव्हा सांगितलंस की रू बंधूंपैकी धाकटे मिशेल मुळात पेस्ट्री शिकून आले होते, आणि मी घरी जाता जाता ठरवलं की आपण पेस्ट्रीतच जायचं. त्या एका जेवणाने माझं पुढचं सगळं ठरलं, हे मी तुला कधी नीट सांगितलेलं नाही, आज सांगते.

म्हणून ते बंद झालं तेव्हा मला खूप लागलं. टेबलावरचे ते चांदीचे प्राणी, ती हिरवी खोली, पायऱ्या उतरून खाली जायचं, पुरुषांना जॅकेट घालूनच यायला लावणारा तो जुना थाट, सगळं संपलं असं वाटत राहिलं. तिथे गॉर्डन रॅम्झीच्या कंपनीच्या साथीने मॅट आबे स्वतःचं रेस्टॉरंट काढतोय ही बातमी आली तेव्हाही मला आनंद झाला नाही, आणि 2025 च्या नोव्हेंबरात बोनर उघडलं तेव्हा आमच्या किचनमधले सगळे त्यावर बोलत होते आणि मी गप्प. जायला मन तयारच होत नव्हतं.

तू वाद घातला नाहीस. ग्रीन पार्कपासून चालत जाताना तू मला नुसती एक गोष्ट सांगितलीस, आणि ती मी आता इथे लिहून ठेवतेय कारण ती माहीत असायला हवी. पिएर कॉफमन हा गाव्रोशमध्ये काम केलेला माणूस, पुढे रू बंधूंच्याच वॉटरसाइड इनमध्ये हेड शेफ. 1977 मध्ये त्याने चेल्सीत रॉयल हॉस्पिटल रोडला स्वतःचं ला तांत क्लेअर काढलं, डुकराच्या पायात मोरेल मशरूम आणि स्वीटब्रेड (जनावराच्या ग्रंथींचं मांस) भरून करायची त्याची डिश जगभर गाजली, 1993 ला तीन स्टार मिळाले. मग 1998 ला तो तिथून बाहेर पडला आणि त्याच जागेत रॅम्झीने, म्हणजे गाव्रोशमध्येच आल्बेर रूच्या हाताखाली शिकलेल्या माणसाने, आपलं पहिलं स्वतःचं रेस्टॉरंट उघडलं. तेव्हाही लोकांना तांत क्लेअर गेल्याचं असंच वाईट वाटलं असणार. 2001 ला त्याच जागेत पुन्हा तीन स्टार आले. आणि मॅट आबे, ऑस्ट्रेलियातून आलेला हा मुलगा, नंतर त्याच किचनमध्ये वर्षानुवर्षं राबला आणि शेफ झाला. म्हणजे लोकांच्या लाडक्या फ्रेंच रेस्टॉरंटच्या जागेत दुसऱ्या कुणी चूल मांडली की काय होतं, हे त्याने इतकी वर्षं तिथे उभं राहून बघितलंय. तू म्हणालास, "त्याला सांगायला नको की इथे कोण होतं, त्याला माहितीये, म्हणूनच तर तो नक्कल करणार नाही." आणि मग तू एकदम पावसाबद्दल बोलायला लागलास.

खाली उतरलो तर हिरवा रंग गेलेला. आता सगळं उबदार, मधाळ रंगांचं, मऊ उजेड. मला वाटलं होतं की मला रडू येईल, पण तसं काही झालं नाही कारण तू लगेच मला कामाला लावलंस, "ब्रेड बघ, बटरचं टेम्परेचर बघ, टेबलांत अंतर किती ठेवलंय बघ." जेवण काय काय होतं ते सगळं लिहीत नाही, मेनू बदलत राहतो आणि पोरांनी जाऊनच बघावं. पण त्या लॅम्बच्या सॉसबद्दल लिहायलाच हवं. वाढणाऱ्याने तो टेबलाशी ओतला, तू मला हात धरून थांबवलंस आणि म्हणालास आधी बघ. सॉसची कड प्लेटवर जिथे थांबली तिथेच राहिली, पाणी सुटलं नाही, पसरला नाही, आरशासारखा चमकत होता, आणि तोंडात घातला तर चिकटपणा अजिबात नाही, आधी मांसाची चव, मग किंचित आंबट, मग परत मांस. एवढं रिडक्शन करून, म्हणजे आटवून, मीठ जास्त न होऊ देणं किती कठीण आहे हे ज्याने स्टॉकपॉटसमोर रात्री काढल्यात त्यालाच कळतं. तू ब्रेडने प्लेट पुसून खाल्लीस, मेफेअरमध्ये, आणि वाढणारा मुलगा एवढा खूश झाला की अजून ब्रेड घेऊन आला.

आणखी एक बघितलं मी. तू डावखुरा. दुसऱ्या कोर्सपासून तुझे काटे-चमचे कुणीतरी काही न बोलता उलट्या बाजूला मांडायला लागलं होतं. तुझ्या लक्षात पण आलं नाही, गप्पा मारत होतास. हे गाव्रोशमध्ये असतं तर मी म्हणाले असते की बघा, जुन्या लोकांची सर्व्हिस! इथली टीम नवीन, तरी नजर तीच.

सूफ्ले स्विसेस मेनूवर शोधलं का असं पोरं विचारतील. हो, शोधलं. आणि डेझर्ट आल्यावर ते शोधणं आपोआप थांबलं, कारण समोर जे होतं ते मॅट आबेने स्वतः विचार करून केलेलं होतं आणि पेस्ट्रीवाली म्हणून मला त्यात डोकं घालावंसं वाटलं, गोड इतकं कमी ठेवून बॅलन्स कसा राखला, थंड आणि गरम एका प्लेटवर येताना टायमिंग कसं सांभाळलं. तू समोर बसून मला पंधरा प्रश्न विचारलेस, आपण कॉलेजात असतो तसे, आणि मी एकेकाचं उत्तर देत गेले आणि मला खूप दिवसांनी माझं काम आवडतंय असं वाटलं.

कारण खरी मदत तीच होती ना रे. गेलं वर्षभर मी नुसती ड्युटी करत होते, सर्व्हिस संपली की घर, सुट्टीला झोप, नवीन काही करून बघावं असं वाटतच नव्हतं. हे मी कुणालाच बोलले नव्हते. तू ओळखलंस आणि लेक्चर दिलं नाहीस, जेवायला नेलंस.

पोरांनो, तुमच्यासाठी एवढंच की जा, पण पोट आणि वेळ दोन्ही घेऊन जा, फोटो कमी काढा, सॉस गार होतो. बुकिंग आधीपासून करा. आणि एकटे जाऊ नका, प्रश्न विचारणारा कुणीतरी बरोबर हवा.

दादा, पुढच्या महिन्यात आई सावंतवाडीहून येतेय, कोकम आणि कुळथाचं पीठ दोन्ही आणतेय, वहिनी आणि मुलांना घेऊन रविवारी घरी यायचं, कारणं चालणार नाहीत. आणि हो, बोनरच्या पेस्ट्रीत एक दिवस ट्रायलला उभं राहू द्याल का असा मेल मी परवा टाकलाय. उत्तर आलं की पहिला फोन तुला.

तुझीच,
दादरची ज्युनिअर