क्लबची वही कोणाकडे?

चि. सोहम,
अनेक आशीर्वाद.

क्विझ क्लबचा अध्यक्ष झालास हे ऐकून बाबा लगेच पेढे घेऊन आले. मलाही आनंद झाला, पण तुझं पुढचं वाक्य मनातून जाईना. ‘प्रश्न मीच काढणार, गुण मीच मांडणार, पैसेही माझ्याच खात्यावर.’ म्हणून हे पत्र.

आमच्या बचत गटात आम्ही १२ जणी. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष अशा तिघी, आणि बँकेतून पैसे काढायला दोघींच्या सह्या. सुरुवातीला मला वाटायचं, सगळ्या आळीतल्याच बायका, एवढं कशाला? मग एका मार्चमध्ये रोकड साडेचारशे रुपयांनी कमी भरली. कोषाध्यक्ष बाईंच्या घशाखाली घास उतरेना. सचिवाच्या प्रोसिडिंगच्या वहीत त्या दिवशीची वसुली वेगळी लिहिलेली होती, म्हणून उलगडलं : एकीचा हप्ता जमाखर्चात दोनदा चढला होता. दुसऱ्या हाताची वही नसती तर त्या बाईंना आळीत मान वर करता आली नसती. तेव्हापासून कामं वेगळी असण्याला मी अविश्वास म्हणत नाही.

गेल्या वर्षीच्या तुमच्या फायनलचं तूच सांगितलं होतंस. आठ संघ, एकेका प्रश्नावर चार-पाच पाउन्सच्या चिठ्ठ्या (पाळी नसताना उत्तर लिहून द्यायचं ते), बरोबरला १०, चुकलं की वजा ५. चिठ्ठ्या गोळा करणारा मुलगाच फळ्यावर गुण लिहीत होता. एक वजा लिहायचा राहिला नि दुसरा-तिसरा नंबर उलटे लागले. त्या पोराचा काय दोष? एकट्या माणसाचं ते काम नव्हेच. गुण दोघांनी मांडा, एकाने फळ्यावर, एकाने कागदावर, आणि फेरी संपली की ताळा करूनच पुढे जा. क्विझमास्तरने फक्त प्रश्नांकडे बघावं. ज्याने प्रश्न काढले त्याला त्या स्पर्धेत खेळता येत नाही, म्हणजे तुमच्यातल्या चांगल्या खेळाडूंपैकी दर वेळी कोणाला तरी बाहेर बसावं लागणार. ती पाळी आधीच ठरवा, आणि पहिली तू घे.

कोषाध्यक्ष निवडताना ज्याला सगळी उत्तरं येतात त्याच्याकडे जाऊ नकोस. हॉलची परवानगी, माइक, प्रोजेक्टर यांच्या मागे न सांगता धावणारी ती सांगलीची मुलगी, तिला विचारून बघ. प्रवेश फीचे पैसे तुझ्या खात्यात एक दिवसही नकोत.

आणि प्रत्येक पदाला सेकंड इयरचं एकेक मूल जोडून दे. पुढच्या मे महिन्यात तू बाहेर पडशील, तेव्हा पासवर्ड, जुने प्रश्नसंच, बझरच्या दुरुस्तीवाल्याचा नंबर तुझ्याबरोबर निघून जायला नको. बंगळुरूची कर्नाटक क्विझ असोसिएशन १९८३ पासून चालू आहे असं तू कौतुकाने सांगतोस. एवढ्या वर्षांत तिथे किती हात बदलले असतील, याचाही विचार कर.

शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्याखाली दोन वह्या ठेवल्या आहेत. तांबड्या पुठ्ठ्याची जमाखर्चाची, निळी मीटिंगची. दोन्हींवर तुझं नाव घातलेलं नाही. कोणाकोणाकडे दिल्यास ते रविवारी फोनवर सांग.

तुझी,
आई