छेद कुठल्या सालचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नव्या वस्तीत तापाचे रुग्ण ‘दीडपट झाले’ असं वाचलं की मी आधी विचारते, माणसं किती पटीनं वाढली? आरोग्य खात्यात सांख्यिकी सहायक म्हणून नोकरी केली, तिथली ही खोड. रुग्णांची नोंद रोज होते, जनगणना बहुधा दहा वर्षांनी. मधल्या काळात मोकळ्या माळावर इमारती उभ्या राहतात. म्हणजे अंश (रुग्ण) आजचा आणि छेद (लोकसंख्या) शिळा.

मग लसीकरणाच्या तक्त्यात 110 टक्के दिसू लागतात! समजा, जुन्या अंदाजानं वस्तीत 400 बाळं धरली आणि लस 440 जणांना दिली. उद्दिष्ट ओलांडलं म्हणून कौतुक होतं. प्रत्यक्षात बाळं 600 असतील, तर 160 सुटली आणि प्रमाण जेमतेम 73 टक्के. गोवर रोखायला दोन्ही मात्रांचं प्रमाण 95 टक्क्यांच्या आसपास लागतं. त्या 160 बाळांना शोधायला कुणी जात नाही, कारण कागदावर ती नाहीतच.

मृत्युदरात छेद बरोबर असला तरी फसगत होते. अशा वस्तीत बहुतेक तरुण कुटुंबं राहायला येतात, त्यामुळे दर हजार लोकांमागे मृत्यू कमीच दिसणार. त्याचं श्रेय कुणी घेऊ नये. तुलना करायची तर वयानुसार प्रमाणित दर काढावा, म्हणजे दोन्हीकडे वयोगटांचं प्रमाण सारखं धरून काढलेला.

इंग्रज डॉक्टर जॉन स्नो लोकांना आठवतो तो कॉलरा पसरवणाऱ्या लंडनच्या पाण्याच्या पंपामुळे. मला 1854 च्या लंडनमधला त्याचा एक तक्ता जास्त मोलाचा वाटतो. साउथवर्क अँड व्हॉक्सॉल कंपनीचं पाणी पिणाऱ्या घरांत कॉलऱ्याचे 1263 मृत्यू, लॅम्बेथ कंपनीच्या घरांत 98. पहिलीची घरंच जास्त, असं म्हणून हे झटकता आलं असतं. पण कुठल्या कंपनीची घरं किती, हा आकडाही त्यानं घेतला होता: दहा हजार घरांमागे एकीकडे 315 मृत्यू, दुसरीकडे 37. मग बोलायला जागा उरली नाही.

म्हणून विनंती एवढीच. कुठलाही दर प्रसिद्ध करताना लोकसंख्या कोणत्या वर्षाची, मोजलेली की अंदाजे, ही एक ओळ आरोग्य यंत्रणेनं द्यावी. ती नसेल तर आपल्या वार्ताहरांनी विचारावी. नवी जनगणना होईपर्यंत वीजजोडण्या आणि पहिलीच्या वर्गातले प्रवेश पाहून अंदाज सुधारता येतो. फक्त वीजजोडण्या मोजताना बंद फ्लॅट वगळा, नाहीतर छेद फुगेल आणि वाढलेला आजारही कमी दिसेल.

आपली,
एक निवृत्त सांख्यिकी सहायक